वैशाखांतील फुलें

वैशाखांत टेंकडीवर निघालेल्या मनुष्याच्या हातीं कॅमेरा दिसला म्हणजे घरचीं माणसें हंसतात. “तेथें दगडांवांचून आहे काय?” हा प्रश्न आम्हांसही पुष्कळदां ऐकावा लागला आहे. रानफुलें पाहावीं तीं श्रावणांतच, अशी समजूत आपल्या घरोघरीं आहे. आम्हीही ती फार दिवस बाळगून होतों.

पुण्याच्या वेताळ टेंकडीवर या दिवसांत सकाळीं आठाच्या आंत फिरून यावें. ऊन तिरपें आहे तोंवर वाळल्या गवताचें एकेक पातें निराळें उठून दिसतें. नवानंतर तोच माळ छायाचित्रांत पांढराफटक येतो. दूरच्या देखाव्याचा हव्यास मात्र धरूं नये. मे महिन्याच्या धुरकट हवेंत सिंहगड असून नसल्यासारखा होतो. वळिवाची एक सर पडून गेली, कीं दुसऱ्या दिवशीं पहांटे अवश्य जावें. कुड्याचीं पांढरीं फुलें भर उन्हांत नीट उतरत नाहींत. तेव्हां घरची छत्री न्यावी आणि ती फुलावर धरावी, स्वतःवर नव्हे!

आतां आमच्या फजितीची गोष्ट. पांच-सहा वर्षांपूर्वीं गांवाबाहेरच्या एका वणव्यानें जळलेल्या उतारावर, राखेंतून वर आलेलें वीतभर झुडूप फुललेलें आढळलें. गुडघे टेंकून आम्हीं त्याच्या फुलाचें छायाचित्र घेतलें. तें इतकें साधलें, कीं चौकट करून दिवाणखान्यांत लावलें. वनस्पतिशास्त्र शिकविणारे एक स्नेही घरीं आले, त्यांनीं तें पाहिलें आणि विचारलें, “पानें कुठें आहेत?” पानें नव्हतीं, देंठ नव्हता, खालची जमीनही नव्हती. पुढल्या उन्हाळ्यांत पुन्हां गेलों, तों उतार सपाट होऊन तेथें प्लॉट पडले होते.

पुढें २०२४ सालीं वार्ता आली, कीं तळेगाव दाभाड्याच्या माळावर आदित्य धारप यांस मिळालेली एक वनस्पति शास्त्रास अगदीं नवी ठरली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे मंदार दातार यांचाही या शोधांत भाग होता. तिचें नांव ‘डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा’. ही पावसाळ्यानंतर एकदां फुलते आणि माळ जळून गेल्यावर मे-जूनमध्यें, जमिनींतील टणक मुळांपासून खुजे अंकुर काढून, पुन्हां फुलते. (यावरून कोणीं काडी लावूं नये, वारंवार लागणाऱ्या आगींत इतर पुष्कळ जीव मरतात.) आम्ही भिंतीवरच्या चित्रापुढें बराच वेळ उभे राहिलों. आमचें फूल तेंच कीं दुसरें? तें चित्र सांगूं शकत नाहीं, आणि विचारावयास उतार उरला नाहीं. ज्या माळांस आपण ‘पडीक’ म्हणून मोकळे होतों, त्यांवर काय नाहींसें झालें याचा हिशेब असा राहून जातो.

तेव्हांपासून फुलाबरोबर पानाच्या दोन्ही बाजू, सबंध झाड व भोंवतालची जमीन यांचीं छायाचित्रें आम्ही घेतों. शेजारीं मापासाठीं फूटपट्टी ठेवतों. देखणेपणा थोडा जातो खरा.

गेल्या रविवारीं रानकांद्याचा दांडा दिसला. मळकट रंगाचीं फुलें, आणि पान एकही नाहीं. बरोबर आलेल्या मुलीनें आमचाच प्रश्न आम्हांस केला. याचीं पानें फुलें सरल्यावर, पावसांत येतात. जागा सांपडावी म्हणून तिनें भोंवतीं पांच दगड मांडून ठेवले आहेत.