दंड पक्षकाराला, वकील मोकळा

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अण्णा द्रमुकचे खासदार सी. व्ही. षण्मुगम यांना १० लाख रुपयांचा दंड केला. तामिळनाडू सरकारच्या योजनेला मुख्यमंत्री स्टॅलिन यांचे नाव का, असा आक्षेप घेऊन ते मद्रास उच्च न्यायालयात गेले होते. नेत्यांच्या नावाच्या योजना सगळ्याच पक्षांनी काढल्या, मग यांना ही एकच कशी दिसली, असे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने विचारले आणि राजकीय लढाया मतदारांसमोर लढा, असे सुनावले. गवईसाहेब आमच्या शेजारच्या अमरावतीचे. निकाल वाचून मला बरे वाटले, पण समाधान झाले नाही.

कारण दंड पुढाऱ्याला झाला. पुढाऱ्याला १० लाख म्हणजे एका सभेच्या मांडवाचा खर्च. असल्या याचिका कोर्टापर्यंत पोहोचतात त्या वकिलांच्या हातून. मसुदा त्यांचा, सही त्यांची, युक्तिवादही त्यांचाच. आपल्याकडे याचिका फेटाळली जाते, पक्षकाराला दंड होतो आणि वकील दुसऱ्या दिवशी त्याच कोटात पुढची याचिका घेऊन उभा राहतो.

अमेरिकेत २०२० च्या निवडणुकीनंतर ट्रम्प यांच्या बाजूने मिशिगनमध्ये निकाल उलटवण्यासाठी दावा दाखल झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायाधीश लिंडा पार्कर यांनी त्यातल्या नऊ वकिलांनाच जबाबदार धरले. समोरच्या बाजूचा खर्च भरा, कायद्याचे वर्ग पुन्हा करा, असा आदेश दिला आणि त्यांची सनद तपासण्यासाठी प्रकरण शिस्तपालन यंत्रणेकडे पाठवले. अपिलात काही जण सुटले, काहींवरची कारवाई टिकली. मुद्दा एवढाच की न्यायाधीशाने कोटालाच हात घातला.

आमच्याकडे काय घडते? एप्रिल २०२१ मध्ये भाजपचे नेते आणि वकील अश्विनी उपाध्याय यांनी धर्मांतराविरुद्ध याचिका केली. न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने तिला घातक म्हटले, मोठ्या दंडाचा इशारा दिला. याचिका मागे घेतली गेली. दंड शून्य. पुढच्याच वर्षी तोच विषय घेऊन तेच गृहस्थ पुन्हा आले. खंडपीठ वेगळे होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये या खंडपीठाने सक्तीचे धर्मांतर हा फार गंभीर प्रश्न असल्याचे म्हटले आणि दिवसभर वाहिन्यांवर मुसलमान आणि ख्रिश्चन आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. अशा याचिकेला निकालाची गरजच नसते. तारीख मिळाली की काम झाले. प्रचाराचा खर्च कोर्टाच्या खात्यावर.

या गर्दीत सामान्य माणसाची तारीख मागे पडते. वर्ध्याच्या कोर्टात वाटणीचे, धुऱ्याचे दावे घेऊन देवळी-आर्वीची माणसे वर्षानुवर्षे खेटे घालतात. त्यांच्यावर कुणी धडधडीत खोटा दावा लावला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ खाली मिळणारी भरपाई जास्तीत जास्त ३००० रुपये. खोटेपणा इतका स्वस्त असल्यावर त्याचा धंदा होणारच.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. वकिलांना शिक्षा करण्याची सवय लागली तर पहिला बळी सत्तेविरुद्ध उभ्या राहणाऱ्यांचा जाईल. १९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाची प्रतिज्ञा घेतली म्हणून अहमदाबादच्या वकिलांना मुंबई उच्च न्यायालयाने नोटिसा काढल्या. त्या प्रकरणातले जिल्हा न्यायाधीशांचे पत्र छापले म्हणून १९२० मध्ये गांधीजी आणि महादेवभाई देसाईंना समज दिली. १९२२ मध्ये इनर टेंपलने गांधीजींचे नावच बॅरिस्टरांच्या यादीतून काढले. पुढे सेवाग्रामला येऊन राहिलेला हा म्हातारा सनद गेलेला वकील होता, हे आम्ही वर्धेकरांनी तरी विसरू नये. अलीकडचे सांगायचे तर २४ जून २०२२ रोजी झाकिया जाफरींची याचिका फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने याचिकेमागच्या लोकांवरच ताशेरे ओढले आणि दुसऱ्या दिवशी तिस्ता सेटलवाड यांना अटक झाली.

म्हणून कसोटी राजकारणाची नको. वकिलाला राजकारण असू शकते, पक्षही असू शकतो. कसोटी अप्रामाणिकपणाची हवी. माहीत असून खोटे लिहिले का? मागची याचिका लपवली का? तथ्य नाही हे ठाऊक असताना फक्त मथळ्यासाठी कोर्टाचा दिवस खाल्ला का? अहमदाबादचे वकील या तिन्ही प्रश्नांतून सुटतात. त्यांनी काहीच लपवले नव्हते, आणि सोसायचे ते स्वतः सोसले.

कायदा नाही असेही नाही. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिल वकिलाला समज देऊ शकते, सनद निलंबित करू शकते, कायमची काढूही शकते. तक्रार एका वर्षात निकाली काढण्याचे बंधनही त्यात आहे. पण ही कौन्सिल वकिलांच्याच मतांवर निवडून येते. म्हणून न्यायाधीशांनी ताशेरे ओढून थांबू नये. पुढाऱ्यासाठी खोटी याचिका रचणाऱ्याचे नाव निकालपत्रात लिहावे, दंडातला वाटा त्याच्या खिशातून घ्यावा आणि कागद कौन्सिलकडे पाठवून वर्षभराने उत्तर मागावे. नुसत्या इशाऱ्याची किंमत काय, हे २०२१ ची याचिका २०२२ मध्ये परत आली तेव्हाच दिसले.