पद्मिनी विकावी, आणि चालती असतानाच विकावी

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीचे आयुष्य २० वर्षांचे ठरलेले असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात अधिकृतपणे एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. टॅक्सीचा प्रश्न असा तारखेने मिटला. खासगी पद्मिनीला अशी तारीख नाही. ती सोसायटीच्या कोपऱ्यात किंवा गावाकडच्या पडवीत कव्हर घालून उभी असते आणि तिचे काय करायचे, हे घरातल्या माणसांनाच ठरवावे लागते. मुले लहान, आईवडील थकलेले, नोकरीत आठवडा संपतो आणि उरलेला दिवस गाडीला जातो, अशा घरांत हा निर्णय वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो. अशा घराने गाडी विकावी, आणि ती चालती असतानाच विकावी, असे माझे मत आहे. यात प्रेमाशी बेइमानी काही नाही.

आधी या प्रेमाची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती पोकळ नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या परवान्याखाली गाड्या बाहेर पडू लागल्या. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली, तिचेच नाव १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट झाले आणि १९७४ पासून पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. परवाना राजच्या काळात पैसे भरून नाव नोंदवले की गाडी हाती यायला वर्षे लागत. त्यामुळे ती दारात आली त्या दिवशी साऱ्या आळीने पेढे खाल्लेले असत. पहिली शिर्डी, पहिले महाबळेश्वर, मुलीची सासरी पाठवणी, आजोबांना दवाखान्यात नेण्याची रात्र, हे सगळे एकाच गाडीत झालेली हजारो मराठी घरे आहेत. तिशी-चाळिशीतला माणूस वडिलांची पद्मिनी पुन्हा उभी करतो, तेव्हा तो लोखंडापेक्षा पुष्कळ मोठी गोष्ट हातात घेत असतो. म्हणूनच ‘जुना डबा काढून टाक’ असा सल्ला देणाऱ्यांशी माझे जमत नाही.

पण ही गाडी मागते काय, तेही तितक्याच प्रामाणिकपणे पाहायला हवे. जुनी गाडी उभी राहिल्याने टिकत नाही. महिनाभर हलली नाही तर बॅटरी उतरते, कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उडून जाऊन मागे चिकट थर राहतो, टायर एकाच जागी दबतात, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात पायाखालचा पत्रा आतून सडतो, आणि कव्हर घातले तर त्याखाली दमट हवा कोंडून तो आणखी लवकर सडतो. उंदरांना वायरिंग आवडते. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल ओलावा ओढून घेते आणि त्या काळच्या रबरी नळ्या, वॉशर, डायफ्रॅम त्यासाठी बनलेले नव्हते, म्हणून तेही बदलत बसावे लागते. सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला आणि चोर बाजार पालथे घालायचे. पॉइंट आणि ट्यूनिंग कानाने जुळवणारा मिस्त्री आता म्हातारा झालेला असतो, आणि त्याच्या हाताखालचा पोरगा संगणक जोडल्याशिवाय बॉनेट उघडत नाही. मालकाला मग स्वतःच फिटर व्हावे लागते. कागदपत्रांचे काम वेगळेच : १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, आणि २० वर्षांपुढच्या मोटारीसाठी त्याचे शुल्क २०२५ पासून १० हजार रुपये. पर्यावरण कर, विमा, पीयूसी हे त्याशिवाय.

हा पैसा अनेकांना परवडतो, म्हणून वाद पैशावर थांबतो आणि खरा खर्च बाजूला राहतो. तो खर्च वेळेचा आहे, आणि तोही सुट्टीच्या दिवसाचा. एका माणसाची रविवारची सकाळ बॉनेटखाली गेली की घरातली त्या सकाळची कामे थांबत नाहीत. ती दुसऱ्या माणसाकडे सरकतात. कोणाकडे, हे केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२४ मध्ये केलेल्या वेळ वापर सर्वेक्षणात दिसते. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला २८९ मिनिटे घालवतात, पुरुष ८८ मिनिटे. मुले आणि वडीलधाऱ्यांची देखभाल हे काम १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया करतात, पुरुषांपैकी २१.४ टक्केच; आणि जे करतात त्यांचा वेळही स्त्रियांच्या जवळपास निम्माच. हे आकडे गाडीच्या हौशीबद्दल नाहीत, देशाबद्दल आहेत. पण जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात स्टिअरिंगमागे आणि गॅरेजात पान्यामागे बहुतेक पुरुषच असतात, हे कोणीही पाहू शकतो. तेव्हा आधीच झुकलेल्या तराजूत आणखी एक वजन पडते आहे, एवढे तरी मान्य करावेच लागेल. ‘मी व्यसन करत नाही, घरीच तर असतो’ हा युक्तिवाद या ठिकाणी लागू पडत नाही. घराच्या आवारात असणे आणि घरात असणे यांत मुलांना फरक कळतो.

यावर सगळ्यात चांगला आक्षेप असा की हौसच कुटुंबाची करावी. मुलाला पाना धरायला शिकवावे, मुलीला स्पार्क प्लग साफ करायला, आणि रविवारी सगळ्यांनी मिळून फेरफटका मारावा. काही घरांत हे खरोखर घडते आणि त्या घरांना माझे काही सांगणे नाही. पण नेहमीचे चित्र वेगळे असते. सहा वर्षांचे मूल वीस मिनिटे उत्साहाने उभे राहते, मग त्याला दुसरे काही हवे असते. जाम झालेला ब्रेक मात्र संध्याकाळपर्यंत सुटत नाही. फेरफटक्याचे म्हणाल, तर त्या गाडीत एअरबॅग नाही, ब्रेक ड्रमचे, मागच्या आसनाला बहुधा पट्टा नाही आणि लहान मुलाची खुर्ची अडकवण्याची सोय नाही. आजच्या द्रुतगती मार्गावर तान्ह्या बाळाला घेऊन त्यात बसणे कोणत्याही आईला मंजूर होऊ नये. कायद्याची दिशाही लक्षात घ्यावी. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली : ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी, नव्या नोंदणीला २० हजार रुपये. त्या नोंदणीवर गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, संशोधनाला, इंधन भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते; रोजच्या वापराला नाही. १९८५ ची पद्मिनी या दर्जाला २०३५ मध्ये पोहोचेल. म्हणजे वडिलांनी जपलेली गाडी रीतसर ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदली जाईल, त्या दिवसापासून तिच्यातून कुटुंबाला सहलीला नेणेच नियमात बसणार नाही. ‘मुलांसाठी ठेवली आहे’ असे म्हणणाऱ्यांनी या तारखा मांडून पाहाव्यात.

वडिलांच्या आठवणीचा आक्षेप अधिक हळवा आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. पण वडिलांनी ती गाडी घेतली होती कशासाठी? घरच्यांना पावसात बसथांब्यावर उभे राहावे लागू नये, आजीला देवदर्शन घडावे, मुलांनी सुट्टीत जग पाहावे, यासाठी. ती गाडी घराच्या सेवेत होती. आता घर तिच्या सेवेत लागले असेल, तर वडिलांचा हेतू नेमका कोणत्या बाजूला आहे? आठवण राखायला मूळ आरसी पुस्तक, पहिल्या प्रवासाचे फोटो, डॅशबोर्डवरचा गणपती पुरेसा असतो. अकराशे सीसीचे इंजिन त्यासाठी लागत नाही. त्याउलट, दहा वर्षे हात न लागलेली गाडी शेवटी सोसायटीच्या नोटिशीनंतर भंगारवाल्याकडे जाते. ती गाडीचीही विटंबना आहे आणि आठवणीचीही.

किंमत वाढेल म्हणून थांबणाऱ्यांना थोडक्यात उत्तर : वाढते ती चालत्या, कागद पूर्ण असलेल्या, मूळ सुटे भाग असलेल्या गाडीची. कव्हरखाली सडणाऱ्या गाडीची दरवर्षी घटते, आणि त्यावर केलेला खर्च वजा केला तर ही गुंतवणूक बहुतेक घरांत तोट्यातच जाते.

गाडी विकली की वारसा गेला, असे म्हणणाऱ्यांना मी उलट म्हणेन. वारसा टिकतो तो ज्याच्याकडे जागा, वेळ आणि जाणकारी आहे त्याच्याकडे. गुरुग्रामजवळ तावडूला हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे, कोइम्बतूरला जी. डी. नायडूंच्या नावाशी जोडलेले मोटार संग्रहालय आहे, आणि मुंबई-पुण्यात जुन्या गाड्यांचे जाणकार व त्यांचे क्लब आहेत. कुर्ल्यात बनलेल्या गाडीसाठी महाराष्ट्रात तशी कायमची सार्वजनिक जागा असायला हवी. मुंबईच्या टॅक्सीचालक संघटनेने निदान एक तरी पद्मिनी जतन करा अशी मागणी केली होती, ती अगदी रास्त होती. पण ती जबाबदारी सरकारची आणि शहराची. दोन खोल्यांच्या घरातल्या नोकरदाराने ती एकट्याने आपल्या रविवारांवर पेलावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो : माणसाला स्वतःचे असे काही हवे, ते काढून घेतले तर तो घरात चिडका होतो, आणि मोकळा झालेला वेळ मोबाइलच गिळतो. हे खरे आहे. म्हणून विकण्याचा निर्णय रागाच्या भरात किंवा बायकोने तोंड फिरवले म्हणून होऊ नये. दोघांनी बसून करावा, आणि तो वेळ कुठे जाणार हेही तेव्हाच ठरवावे. शनिवारी मुलांना पोहायला कोण नेणार, आईच्या डोळ्यांच्या तपासणीला कोण जाणार, घरातल्या बाईला तिचा स्वतःचा मोकळा अर्धा दिवस कोणता, हे नावानिशी. हौसेलाही जागा ठेवावी, पण दुसऱ्याच्या कामावर उभी न राहणारी. विकत घेणाऱ्याला महिन्यातून एकदा मदत करायला कोण अडवतो? आणि विकताना घाई नको. चेसिस आणि इंजिनचे क्रमांक आरसीशी जुळतात का ते पाहावे, २९ व ३० क्रमांकाचे फॉर्म भरून नाव बदलले गेल्याची खात्री होईपर्यंत पाठपुरावा करावा, गाडी परराज्यात जाणार असेल तर ना हरकत प्रमाणपत्र आधी घ्यावे. दोन पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण सुटे करून विकणाऱ्याला न देता चालवणाऱ्याला द्यावी. जमवलेले सुटे भाग, मिस्त्रीचा फोन नंबर आणि तिच्या खोडी लिहिलेली वही, हे सगळे किल्लीबरोबर त्याच्या हाती द्यावे.