लिलावाचा हातोडा हा इतिहासाचा न्यायाधीश नव्हे

१/८
दुर्मीळ फ्रेंच कॅमेऱ्याच्या लिलावाची बातमी आली की एक वाक्य हमखास फिरू लागते : ‘एवढी किंमत आली, म्हणजे वस्तू केवढी ऐतिहासिक असेल!’ हा तर्क मुळातच सदोष आहे. बोलीने किंमत ठरते. महत्त्व ठरवायला पुरावा लागतो.

२/८
मे २०१० मध्ये व्हिएन्ना येथे १८३९ चा एक लाकडी दागेरोटाइप कॅमेरा ७,३२,००० युरोंना विकला गेला. तोवर कोणत्याही कॅमेऱ्याला लिलावात एवढी रक्कम मिळाली नव्हती. निर्माता होता पॅरिसचा आल्फोन्स जिरू. नवा असताना त्याच्या संचाची किंमत ४०० फ्रँक होती.

३/८
यंत्र म्हणून तो साधाच : एकात एक सरकणाऱ्या दोन पेट्या आणि शेव्हालिएचे भिंग. मात्र पेटीवर एक पट्टी आहे. दागेरची सही आणि जिरूची मोहोर नसेल, तर उपकरणाची हमी नाही, असे ती बजावते. प्रतिस्पर्ध्यांना दूर ठेवण्याची ती व्यापारी युक्ती होती. आजची बोलीही बऱ्याच अंशी त्या सहीवरच चढते.

४/८
खरी ऐतिहासिक घटना वेगळीच आहे. १९ ऑगस्ट १८३९ रोजी आरागो यांनी पॅरिसमध्ये ही प्रक्रिया जाहीर केली. त्या बदल्यात फ्रेंच शासनाने दागेरला वार्षिक ६,००० आणि इसिदोर निएप्सला ४,००० फ्रँक निवृत्तिवेतन दिले. इंग्लंडमध्ये तेवढे पेटंट होते. एरवी ही विद्या सर्वांना खुली झाली. या खुलेपणाचा लिलाव कोण करणार?

५/८
इपोलित बायारने कागदावर थेट छायाचित्रे साकारली आणि जून १८३९ मध्येच ती लोकांसमोर मांडली. मान मात्र दागेरला मिळाला. १८४० मध्ये बायारने स्वतःलाच बुडून मेलेल्या माणसाच्या रूपात टिपले. ही उपेक्षा समजून घ्यायला किमतींची यादी उपयोगी पडत नाही.

६/८
२०२२ मध्ये ऑस्कर बार्नाकच्या वापरातील जर्मन लायका कॅमेरा १ कोटी ४४ लाख युरोंना गेला, म्हणजे जिरूच्या कॅमेऱ्याच्या जवळपास वीसपट. मग १९२३ चा तो कॅमेरा १८३९ च्या कॅमेऱ्याहून वीसपट ऐतिहासिक ठरतो काय? अर्थातच नाही. लायकामागे धनिक संग्राहकांची फौज आहे, एवढाच त्याचा अर्थ.

७/८
लिलावाचे समर्थक म्हणतात, किमतीच्या आशेनेच माळ्यावरच्या वस्तू उजेडात येतात. हे खरे आहे. २००७ मध्ये स्यूस फ्रेर यांचा १८३९ चा कॅमेरा असाच पुढे आला आणि पाच लाख युरोंहून अधिक रकमेला विकला गेला. परंतु उजेडात आलेली वस्तू दुसऱ्याच दिवशी एखाद्या खाजगी तिजोरीत जाऊ शकते. अभ्यासकासाठी ती तिजोरी आणि तो माळा यांत फरक काय?

८/८
म्हणून पुढची बातमी वाचताना आधी हे विचारावे : वस्तू कोणी घडवली? कोणी वापरली? तिने काय टिपले? ती कोणाकोणाच्या हातांतून आली? आता ती अभ्यासकांना पाहता येईल का? यांची उत्तरे नसतील, तर ती बातमी बाजाराची आहे. तिला इतिहास म्हणू नये.