परदेशी जाणारे कागद आणि नोटरीचा शिक्का

आखाती देशांतील नोकरी हा कोकणातील आपल्या कित्येक घरांचा दोन पिढ्यांपासूनचा आधार आहे. व्हिसा आल्याची खबर येते, घरात आनंदीआनंद होतो, नातेवाईक भेटायला येतात, बॅगा भरल्या जातात. कागदपत्रांकडे मात्र अगदी शेवटच्या आठवड्यात लक्ष जाते. मग कोणीतरी जाणकार सल्ला देतो, "कोर्टाच्या बाहेर वकील बसतात, तिथून नोटरी करून घे. झाले काम!" हा सल्ला आपल्या लोकांना किती महाग पडतो, याचा एक नमुना नुकताच पाहण्यात आला. तो वाचकांपुढे ठेवणे आवश्यक वाटते.

आमच्या ओळखीतील एका तरुणाने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. घरातला पहिलाच डिप्लोमा. वडिलांनी मोठ्या हौसेने प्रमाणपत्राचे लॅमिनेशन करून घेतले आणि ते भिंतीवर लावले. पुढे कतारमधील एका कंपनीत नोकरी ठरली. कंपनीने साक्षांकित प्रमाणपत्र मागितले. एका एजंटने पैसे घेतले, प्रमाणपत्राची झेरॉक्स काढली, त्यावर नोटरीचा शिक्का मारून आणला आणि पुढचे सर्व आपण पाहून घेऊ असे सांगितले. तीन आठवड्यांनी कागद परत आला. झेरॉक्स चालणार नाही, मूळ प्रमाणपत्र हवे. मूळ प्रमाणपत्र पाहिले तर ते प्लास्टिकमध्ये बंद! पुढचे सर्व शिक्के मूळ कागदाच्या पाठीमागे मारायचे असतात. प्लास्टिकवर शिक्का मारणार कसा? दुय्यम प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा लागला. ते हाती येईपर्यंत कंपनीने ती जागा दुसऱ्याला दिली होती. मुलाचे वडील आम्हाला वारंवार एकच विचारत होते, "अहो, पण नोटरीचा शिक्का तर होता ना? तिकीटसुद्धा लावले होते."

शिक्का होता हे खरेच. प्रश्न आहे तो कशाचा होता, याचा.

नोटरी काय सांगतो?

नोटरी हा १९५२ च्या नोटरी कायद्याखाली केंद्र किंवा राज्य सरकारने नेमलेला, सर्वसाधारणपणे दहा वर्षांचा अनुभव असलेला वकील असतो. त्याला आपल्या कामाची नोंदवही ठेवावी लागते आणि फीचे दर कार्यालयात सर्वांना दिसतील असे लावावे लागतात. प्रतिज्ञापत्रावर किंवा मुखत्यारपत्रावर शिक्का मारताना तो एवढेच सांगतो की, ही व्यक्ती माझ्यासमोर हजर झाली, तिची ओळख मी पटवून घेतली आणि तिने माझ्यादेखत सही केली. झेरॉक्सवर शिक्का मारताना तो सांगतो की, ही नक्कल मी मुळाशी ताडून पाहिली आहे. मूळ डिप्लोमा खरा की खोटा, विद्यापीठाने तो दिला की नाही, याबद्दल तो काहीही सांगत नाही. ते त्याचे कामच नव्हे.

हा फरक आपल्याकडे शिकलेल्या लोकांनाही ठाऊक नसतो. गोल शिक्का दिसला की तो सरकारी, आणि सरकारी म्हटला की तो जगात सर्वत्र चालणारा, अशी आपली समजूत!

सह्यांची साखळी

परदेशातील अधिकारी आपल्या तालुक्यातील नोटरीला ओळखत नाही, आपल्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनाही ओळखत नाही. म्हणून एकाने दुसऱ्याच्या सहीची हमी द्यायची, अशी साखळी तयार केलेली आहे. शैक्षणिक प्रमाणपत्र राज्य शासनाच्या शिक्षण विभागाकडे जाते. जन्माचा किंवा विवाहाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, मुखत्यारपत्र यांच्यासाठी राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागातील नेमलेला अधिकारी असतो. व्यापारी कागद असेल तर तेच काम चेंबर ऑफ कॉमर्स करते. निर्यात करणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांना हे परिचयाचे आहे. त्यानंतर भारत सरकारचे परराष्ट्र मंत्रालय राज्याच्या अधिकाऱ्याची सही तपासून आपला शिक्का देते. शेवटी ज्या देशात जायचे त्या देशाची वकिलात मंत्रालयाची सही प्रमाणित करते, आणि तिकडे पोहोचल्यावर तेथील परराष्ट्र खात्याचाही शिक्का बहुधा घ्यावा लागतो.

या साखळीत प्रत्येक कडी फक्त आधीच्या सहीची हमी देते, मजकुराची नाही. म्हणून पहिली कडी खोटी असेल तर तिच्यावरचे पुढचे सर्व खरे शिक्के एका खोट्यावर उभे राहतात. कंपनीने किंवा तिकडच्या सरकारने थेट विद्यापीठाकडे चौकशी केली की सर्व उघडे पडते. त्या वेळी एजंट तिथे नसतो, नोटरीही नसतो. पोलिसांच्या समोर उभा असतो तो आपला मुलगा, परक्या देशात, परक्या भाषेत.

अपॉस्टिल : कोणाला लागू, कोणाला नाही

ही लांबलचक साखळी आखूड करण्यासाठी १९६१ साली हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यानुसार कराराच्या सदस्य देशांत फक्त एक 'अपॉस्टिल' नावाचे प्रमाणपत्र पुरते, वकिलातीच्या दारात जावे लागत नाही. भारतासाठी हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. आपल्याकडे अपॉस्टिल परराष्ट्र मंत्रालय देते, आणि त्याची सरकारी फी एका कागदाला अवघी ५० रुपये आहे. त्यावरील क्रमांक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून ते खरे आहे की नाही, हे कोणालाही पाहता येते.

आखाती देशांपैकी ओमानमध्ये हा करार २०१२ पासून, बहरीनमध्ये २०१३ च्या अखेरीपासून आणि सौदी अरेबियात ७ डिसेंबर २०२२ पासून अमलात आहे. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत यांच्यासाठी मात्र वकिलातीचा जुना मार्गच धरावा लागतो. हा फरक प्रत्येकाने लक्षात ठेवावा. सौदीला जाणाऱ्या माणसाकडून आजही कोणी 'एम्बसी'च्या शिक्क्याचे वेगळे पैसे मागत असेल, तर ते कशाबद्दल, हा प्रश्न त्याला तोंडावर विचारला पाहिजे. उलट, दुबईला जाणाऱ्याला कोणी अपॉस्टिल लावून देत असेल तर तोही पैसा फुकट गेला असे समजावे.

निकाहनामा आणि विवाहाचा दाखला

कुटुंबाला बोलावून घ्यायचे असेल तर विवाहाचा साक्षांकित दाखला लागतो. इथे आपल्या समाजातील लोक हटकून अडकतात. काझीसाहेबांनी दिलेला उर्दू निकाहनामा घेऊन लोक नोटरीकडे जातात आणि त्याच्या भाषांतरावर शिक्का मारून आणतात. निकाहनामा हा विवाहाचा पुरावा आहे, त्याची किंमत कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु साखळीत जो कागद चालतो तो सरकारी निबंधकाचा. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमाखाली हा दाखला मिळतो आणि निकाहनामा हाच त्या नोंदणीचा आधार होतो. निकाह झाल्याबरोबर नोंदणी केली तर काम सोपे असते. दहा वर्षांनी, साक्षीदार गावोगाव पांगल्यावर तेच काम डोकेदुखी होऊन बसते.

आणखी एक अडचण नावांची. शाळेच्या दाखल्यात 'शेख', पासपोर्टवर नुसते वडिलांचे नाव, निकाहनाम्यात गावावरून पडलेले आडनाव! माणूस एक, कागदावर तिघे. मग 'हे तिन्ही मीच' असे प्रतिज्ञापत्र नोटरीपुढे करावे लागते, आणि तेही प्रत्येक ठिकाणी मान्य होतेच असे नाही. मुलाचे नाव शाळेत घालतानाच पालकांनी याचा विचार करावा.

येथे हेही सांगितले पाहिजे की, निकाह किंवा तलाकचे कागद नोटरीपुढे 'करून' घेण्याची जी पद्धत काही ठिकाणी पडली आहे ती निरुपयोगी आहे. विवाह किंवा घटस्फोट लावून देण्याचा अधिकार नोटरीला नाही, याची आठवण केंद्रीय विधी मंत्रालयाने २०२४ साली सर्व नोटरींना करून दिली आहे.

दोष कोणाचा?

सगळा दोष एजंटवर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. जुलै २०१२ पासून परराष्ट्र मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही. ते मान्यताप्राप्त संस्थांमार्फतच द्यावे लागतात. म्हणजे मध्यस्थ राहणारच. पण मान्यताप्राप्त संस्था कोणत्या, याची यादी मंत्रालयाने जाहीर केलेली असताना आपण ओळखीच्या माणसाच्या हाती मूळ प्रमाणपत्रे सोपवतो, आणि पावती मागणे म्हणजे त्याचा अपमान, असे मानतो. व्यवहारात पावती मागणे हा अविश्वास नव्हे. जो माणूस पावती देताना चिडतो, त्याच्याकडे मूळ कागद ठेवूच नये.

नोटरीचे काम करणाऱ्या आपल्या वकील बांधवांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. पक्षकार समोर नसताना, पोऱ्याने आणलेल्या गठ्ठ्यावर शिक्के मारण्याची सवय काही ठिकाणी आहे, हे ते नाकारणार नाहीत. 'माझ्यासमोर सही केली' या शब्दांपलीकडे नोटरीजवळ विकण्यासारखा दुसरा माल नाही. तो मालच खोटा निघाला तर दुकानात राहिले काय?

आणि आपण? नोटरीने ओळखपत्र मागितले, मूळ कागद पाहायला मागितला, उद्या स्वतः या म्हटले की आपण त्याला अडेलतट्टू ठरवतो आणि शेजारच्या टेबलावर जातो. जो अडवतो तोच आपले हित पाहतो, हे उशिरा कळते.

काय करता येईल?

शासनाने प्रत्येक तहसील कार्यालयात एक साधा मराठी फलक लावावा : कोणत्या कागदाला कोणत्या विभागाची सही लागते, सरकारी फी किती, कोणत्या देशाला अपॉस्टिल आणि कोणत्या देशाला वकिलात. एवढ्याने निम्मे दलाल बेरोजगार होतील. गावोगावच्या जमातींनी महिन्यातून एक दिवस एखाद्या निवृत्त शिक्षकाला किंवा वकिलाला बसवून कागद तपासून देण्याची सोय करावी. खर्च काही नाही. एक टेबल आणि दोन खुर्च्या लागतील.

घरच्या घरी करण्याची गोष्ट तर त्याहून सोपी आहे. मूळ प्रमाणपत्रांचे लॅमिनेशन करू नये, ती फाईलमध्ये जपून ठेवावीत. सर्व कागदांवरील नावे पासपोर्टशी ताडून पाहावीत. मालकाकडून आधी लेखी विचारून घ्यावे की त्याला नेमके कोणते शिक्के हवे आहेत. आणि हे सर्व व्हिसा येण्यापूर्वी करावे, नंतर नव्हे.

त्या डिप्लोमाधारक तरुणाचे दुय्यम प्रमाणपत्र आता आले आहे. या वेळी ते भिंतीवर लागलेले नाही. राज्य शासनाचा शिक्का होऊन ते परराष्ट्र मंत्रालयाकडे गेले आहे, आणि त्याची पावती वडिलांनी कपाटात कुलूपबंद ठेवली आहे.