शेरा, आवड आणि निवाडा

नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटांवर व मालिकांवर दोन-चार ओळींत मत देऊन मोकळे होण्याची रीत आता सार्वत्रिक झाली आहे. 'फार संथ', 'पूर्वार्ध जमला, उत्तरार्ध ताणला', 'अभिनय उत्तम, कथा बेताची', 'एका बैठकीत संपवली' ही या लेखनाची परिचित वाक्ये. या प्रकाराला येथे 'शेरा' म्हणू. विद्यापीठीय वर्तुळात शेऱ्याचे नाव निघताच नाके मुरडली जातात. तो आखूड आहे म्हणून उथळ आहे, असा एकंदर सूर असतो. हा सूर चुकीचा आहे. शेऱ्यावरचा खरा आक्षेप निराळा आहे आणि तो नीट मांडला तर नाके मुरडणारेही त्याच्या कक्षेत येतात.

आखूडपणा हा दोष नव्हे. ग्रॅहॅम ग्रीन १९३५ ते १९४० या काळात 'स्पेक्टेटर' साप्ताहिकात चित्रपटांवर लिहीत असे. साप्ताहिकाच्या तोकड्या जागेतही त्याचे म्हणणे पुरे होई. फ्रान्समधील 'काय्ये द्यु सिनेमा'ने १९५५ पासून दहा समीक्षकांच्या पसंतीचे कोष्टक छापले. त्यात शब्द नव्हतेच, फक्त चांदण्या होत्या. परंतु त्याच नियतकालिकाने १९५४ मध्ये त्र्युफोचा फ्रेंच चित्रपटावरचा घणाघाती लेख छापला होता. चांदण्यांना तारण म्हणून मागे युक्तिवादांची पाने होती. आपल्याकडे चांदण्या आल्या, तारण आले नाही.

कांटने १७९० मध्ये केलेला एक भेद येथे उपयोगी पडतो. रा. भा. पाटणकरांच्या लेखनामुळे तो मराठी अभ्यासकाला अपरिचित नाही. कॅनरी बेटांची मदिरा सुखद आहे असे म्हणणाऱ्याला कोणी 'तुला सुखद आहे' अशी दुरुस्ती सुचवली, तर तो ती आनंदाने मान्य करतो. सौंदर्याविषयीचे विधान मात्र अशी दुरुस्ती सोसत नाही. ते इतरांच्याही संमतीवर हक्क सांगते. शेऱ्याची लबाडी नेमकी या दोहोंच्या मध्ये आहे. 'चित्रपट फसला आहे' हे वाक्य निवाड्याच्या थाटात येते. त्यावर कोणी 'कोठे?' असे विचारले, की उत्तर मिळते, 'हे माझे वैयक्तिक मत आहे.' देताना निवाडा, हटकल्यावर आवड! निवाड्याची प्रतिष्ठा हवी, पण त्याचे ओझे नको, असा हा व्यवहार आहे.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटाचे उदाहरण घेऊ. २०१४ च्या व्हेनिस महोत्सवात तो गौरवला गेला, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला; आणि तरीही 'संथ' हा शेरा त्याला चिकटून राहिला. कॅमेरा दूर, स्थिर उभा असतो. जामीन नाकारला जातो, न्यायालयाला सुटी लागते, दालनातले दिवे मालवतात आणि पडदा काळोखा होतो. चित्रपट संपला असे वाटत असतानाच तो न्यायाधीशांच्या सहलीकडे वळतो. 'संथ' हा शब्द वेळ किती लागला एवढेच सांगतो. तो वेळ कोणाचा, हे सांगत नाही. न्यायाधीशांची जी सुटी, तीच शाहीर नारायण कांबळेची कोठडी. हा हिशेब प्रेक्षकाच्या अंगावर पडावा म्हणून तर काळोख रेंगाळतो. ज्या भाषेत मर्ढेकरांनी लयतत्त्व मांडले, त्या भाषेत चित्रपटातील कालाविषयी 'संथ' आणि 'खिळवून ठेवणारा' एवढे दोनच शब्द उरावेत, ही शोचनीय गोष्ट आहे. अर्थात कोणी उलटही म्हणू शकेल: हा काळोख दिग्दर्शकाची हौस आहे, सहल ही अकारण जोडलेली शेपटी आहे. म्हणावे. तो निवाडा असेल, कारण त्याने बोट ठेवायला एक जागा दाखवली असेल.

हा आक्षेप दुसऱ्यांवर घेऊन थांबणे अप्रामाणिक ठरेल. २०१६ मध्ये 'सैराट' आला तेव्हा मी वर्गात मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते, 'पूर्वार्ध फिल्मी आहे, उत्तरार्ध वास्तववादी.' वाक्य गोळीबंद होते. विद्यार्थ्यांनी ते वहीत उतरवलेही. एका विद्यार्थिनीने मात्र विचारले, 'सर, शेवटी आवाज का जातो?' मजजवळ उत्तर नव्हते, कारण मी ते लक्षपूर्वक ऐकलेच नव्हते. पूर्वार्धात अजय-अतुल यांचा वाद्यवृंद सर्व अवकाश भरून टाकतो. उत्तरार्धात गाणी सरतात. अखेरीस रक्ताळलेली इवली पावले उमटतात तेव्हा मुलाचे रडणेही ऐकू येत नाही. आधीचा गजर नसता, तर या निःशब्दतेला वजन आले नसते. ज्याला मी 'फिल्मी' म्हणून बाजूला सारले, तेच शेवटाचे भांडवल होते. माझे वाक्य आखूड होते म्हणून चुकले नाही. ते चित्रपट न पाहताही लिहिता आले असते, म्हणून चुकले.

आणि आमचे शोधनिबंध? 'फँड्री'वरील निबंधात 'जातवास्तवाचे प्रभावी चित्रण', 'परिघावरील आवाज', 'वर्चस्वाला नकार' ही पदे हमखास येतात. ती अन्य दहा कलाकृतींनाही लावता येतील. पकडलेले डुक्कर वाहून नेणारे कुटुंब शाळेच्या ज्या भिंतीजवळून जाते, तिच्यावर आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रे आहेत. त्या भिंतीचे काय करायचे, हा प्रश्न किती निबंध विचारतात? जो प्रबंध हे पाहत नाही, तो तळटीपा लावलेला शेराच होय. लांबी हा पुरावा नव्हे.

येथे एक आक्षेप संभवतो: सामान्य प्रेक्षकाकडून दाखला मागणे ही अभिजनांची अरेरावी नाही काय? नाही. आवडण्या-नावडण्याचा हक्क निरपवाद आहे आणि त्यासाठी कोणालाही कारण देण्याची गरज नाही. परंतु दुसऱ्याने चित्रपट पाहू नये असे सांगताच आपण आवडीचा प्रांत सोडतो. मराठी चित्रपटाचे खेळ पहिल्या आठवड्यातच कमी होऊ लागतात. त्या चार-सहा दिवसांत फिरणारे शेरे त्याचे आयुष्य ठरवू शकतात. एवढी सत्ता हाती असलेल्याने एका दृश्याचे देणे फेडावे, ही मागणी जाचक खास नाही.

लक्षपूर्वक पाहण्याची परंपरा मराठीत नाही, असेही नव्हे. अरुण खोपकरांचे 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' १९८५ साली प्रसिद्ध झाले आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकाची थोरवी मतांत नसून पाहण्यात आहे. आपण त्याचे कौतुक केले, अनुकरण मात्र टाळले.

तेव्हा शेरे लिहावेत, जरूर लिहावेत, चार ओळींचेच लिहावेत. त्यांतील एक ओळ अशी असावी, की ती उचलून दुसऱ्या चित्रपटाखाली ठेवता येऊ नये. ही कसोटी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांना लावण्यापूर्वी आम्ही प्राध्यापकांनी आपल्या निबंधांना लावून पाहावी. तीत किती पाने टिकतात, ते कळल्यावरच नाके मुरडण्याचा अधिकार कोणाचा, हे ठरवता येईल.