लसीचा दिवस आणि मजुरीचा दिवस

मूल तापाने फणफणले की आई उसने पैसे काढून दवाखाना गाठते. तेच मूल हसतेखेळते असताना लसीला, वजनाला न्यायचे राहून जाते. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी लसीकरणाची वेळ पाहावी. बहुतेक ठिकाणी ती सकाळ ते दुपारची. तेव्हा आपल्या वस्तीतली आई चार घरची धुणीभांडी करत असते. एक खाडा म्हणजे दिवसाचे पैसे गेले. लसीने रात्री अंग तापले तर दुसरा खाडा.

नवव्या महिन्यात गोवराची लस टोचली की सगळे डोस संपले असे घरात धरून चालतात. पण गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत असतो. त्रिगुणीचा आणखी एक ५-६ वर्षांचे झाल्यावर. नेमके याच काळात आई पुन्हा कामाला लागते, खोली बदलते, कार्ड हरवते. मग नर्सबाई ओरडतील म्हणून जायचे टाळले जाते. कार्ड नसले तरी लस मिळते, आणि गोवराचा चुकलेला डोस पाच वर्षांपर्यंत देतात. २०२२ साली मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवराने मुले दगावली, हे विसरण्याइतके जुने नाही.

महिन्यातून एक सत्र रविवारी किंवा संध्याकाळी व्हावे. जागा विहाराची देता येईल. जयंतीच्या मिरवणुकीसाठी परवानगीचे अर्ज आपली मंडळे दरवर्षी लिहितात. तसाच एक अर्ज आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना या महिन्यातच द्यावा, आणि पोच घ्यावी.