पिकअपचा मागचा ब्रेक : फेरफार गॅरेजमध्ये, जबाबदारी मालकाची

आपल्या कापड बाजारात आज असा व्यापारी क्वचितच सापडेल, ज्याचा माल पिकअपवर जात नाही. गोदामातून सूत कारखान्यावर, कारखान्यावरून ग्रे कापड ट्रान्सपोर्टवर किंवा थेट भिवंडीला, आठवडे बाजार करणाऱ्यांचे तर अख्खे दुकानच या गाडीवर. नवी गाडी हप्त्याने घेणे सर्वांना परवडत नाही. म्हणून दहा-बारा वर्षे चाललेली गाडी घ्यायची, मागचे पाटे वाढवायचे आणि तिला रोजीला लावायचे, असा मालेगावपासून भिवंडीपर्यंत सर्वसाधारण रिवाज आहे. जुनी गाडी वापरण्यात गैर काहीच नाही. मात्र या जुन्या गाड्यांच्या मागच्या ब्रेकमध्ये जे फेरफार आपल्याकडे सर्रास केले जातात, त्यांची चर्चा गॅरेजच्या बाहेर कधी होत नाही. ती व्यापार-उद्योगाच्या पानावर व्हावी असे मला वाटते, कारण फेरफार करणारा मिस्त्री आपला, करून घेणारा मालक आपला आणि त्या गाडीवर बसणारा ड्रायव्हरही बहुतेक वेळा आपलाच असतो.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. बहुतेक जुन्या पिकअपना पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक असतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधून तेलाचा दाब चारही चाकांना जातो. परंतु गाडी थांबू लागली की तिचे वजन पुढे झुकते. उर्दू शाळेत ज्याला आम्ही जुमूद म्हणून शिकलो, त्याचाच हा परिणाम. पुढची चाके रस्त्यावर दाबली जातात, मागची हलकी होतात. त्यात मागचा हौदा रिकामा असेल तर मागच्या चाकांवर भार उरतोच किती? अशा वेळी मागच्या ब्रेकला पूर्ण दाब मिळाला तर मागची चाके जागीच जाम होतात आणि गाडी मागून घसरते. पुढची चाके जाम झाली तर गाडी निदान सरळ रेषेत घसरत जाते. मागची झाली तर शेपटी बाजूला निघते आणि गाडी आडवी होते, मग स्टिअरिंग फिरवूनही फारसे काही हाती लागत नाही.

पिकअपची पंचाईत अशी की तिचा भार रोज बदलतो. जाताना एक टन, येताना रिकामी. म्हणून कारखानदार मागच्या लाइनमध्ये एक वॉल्व्ह बसवतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एलएसपीव्ही म्हणतात, गॅरेजमध्ये नुसता लोड वॉल्व्ह. तो चासीला पक्का असतो आणि त्याची दांडी किंवा स्प्रिंग मागच्या एक्सलला जोडलेली असते. माल भरला की चासी खाली बसते, दांडी हलते, वॉल्व्ह उघडतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. माल उतरला की चासी वर येते आणि वॉल्व्ह दाब कमी करतो. म्हणजे चासी किती बसली यावरूनच वॉल्व्ह भाराचा अंदाज घेतो. वजन मोजण्याचे दुसरे कोणतेही साधन त्याच्याजवळ नसते.

आता आपण काय करतो ते पाहा. माल जास्त भरायचा म्हणून मागे दोन-तीन पाटे वाढवतो. पाटे कडक झाले की टनभर मालानेही चासी पूर्वीइतकी बसत नाही. गाडीत दीड टन माल असतो आणि वॉल्व्हला वाटते गाडी अर्धी रिकामी आहे. तो मागचा दाब रोखून धरतो. सगळे काम पुढच्या डिस्कवर येते. ड्रायव्हर येऊन सांगतो, "सेठ, ब्रेक कमी लागतोय." सेठ गाडी मिस्त्रीकडे पाठवतात. मिस्त्री पाहतो की पुढचे पॅड संपले आहेत आणि मागचे लायनर जवळजवळ नवे आहेत. निदान बरोबर असते : मागचा ब्रेक काम करत नाही. इलाज मात्र असा की वॉल्व्हची दांडी तारेने वर बांधून टाकायची, किंवा वॉल्व्हच काढून पाइप सरळ जोडायचा. अर्ध्या तासाचे काम, नाममात्र खर्च. गाडी भरलेली असेल तर ब्रेक खरोखर सुधारतो. सेठ खूश, ड्रायव्हर खूश, मिस्त्रीचे नाव होते.

हा इलाज भरलेल्या गाडीचा झाला. परतीच्या गाडीचा विचार त्यात कोणी केलेला नसतो. माल भिवंडीला उतरवून ड्रायव्हर रात्री रिकाम्या गाडीने मुंबई-आग्रा महामार्गाने निघतो. घरी पोहोचायची घाई, पावसाचे दिवस, चांदवडच्या पुढे राहूड घाटाचा उतार. समोर एखादा ट्रक अचानक हळू झाला आणि त्याने पेडल दाबले, तर मागच्या रिकाम्या चाकांना टनभर मालाच्या हिशेबाचा दाब मिळतो. ओल्या रस्त्यावर ती चाके क्षणात जाम होतात. आमच्या बाजारातील एका व्यापाऱ्याची गाडी अशीच फिरून रस्त्याच्या कठड्याला टेकली. ड्रायव्हर वाचला, क्लीनरचा पाय गेला. "ब्रेक तर एकदम कडक होता," असे ड्रायव्हर सर्वांना सांगत होता, आणि ते खरेच होते. लोकांनी पावसाला दोष दिला. गाडीखाली वाकून वॉल्व्हची तार पाहण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

वॉल्व्ह न छेडता नुसते पाटे वाढवणाऱ्याचे संकट उलट दिशेला, कसारा घाट उतरताना उभे राहते. गाडी भरलेली, मागचा ब्रेक अर्धा, पुढचा तापून लाल. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या जुन्या तेलासाठी ही मर्यादा १४० अंश धरतात. तेल उकळले की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ तळाला जाते. दोन-दोन, तीन-तीन वर्षे तेल न बदलणारे आणि कमी झाले की वरून ओतून मोकळे होणारे मालक आपल्यात थोडे नाहीत.

काही मिस्त्री वॉल्व्हला हात न लावता मागे मोठे व्हील सिलिंडर बसवतात. दिसायला फरक चिमूटभर. सात अष्टमांश इंचाच्या जागी एक इंचाचा सिलिंडर. पण जोर व्यासावर नसून क्षेत्रफळावर ठरतो, आणि त्या हिशेबाने हा फरक तीस टक्क्यांच्या वर जातो. शिवाय मोठ्या सिलिंडरला तेल जास्त लागते, म्हणून पेडल खोल जाते. मग पेडल वर आणण्यासाठी शू इतके घट्ट करतात की ते ड्रमला घासत राहतात. ड्रम लेथवर पुनःपुन्हा छिलण्याचेही तसेच. कमाल व्यास बहुधा ड्रमवरच कोरलेला असतो. त्यापलीकडे छिललेला ड्रम पातळ होऊन लवकर तापतो आणि तडकतो. त्याची किंमत वाचवावी इतकी मोठी नाही.

अलीकडे तरुण मालकांना मागेही डिस्क लावण्याचा शौक आहे. मोटारींना असते, मग पिकअपला का नको, असे ते विचारतात. डिस्क थंड राहते, पाण्यातून बाहेर येताच लागते, हे गुण खरे आहेत. परंतु ड्रमसाठी बनवलेला मास्टर सिलिंडर डिस्कला तितकाच योग्य असेल असे नाही. पेडल न दाबताही ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवणारा वॉल्व्ह काही गाड्यांत असतो. तो तसाच राहिला तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतात. पुढे-मागे दाबाचे प्रमाण नव्याने बसवावे लागते. आणि हँडब्रेक? ड्रममध्ये तो आतच असतो. बाजारात जुन्या गाडीवरून काढून आणलेल्या कॅलिपरला हँडब्रेकची सोय नसेल, तर भरलेली गाडी चढावर दगड लावून उभी करण्याची पाळी येते. मोजमाप करणारा इंजिनिअर आणि चाचणीची सोय असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या गल्लीतील गॅरेजमध्ये यापैकी काही नसते, आणि मालवाहू गाडीवर हा प्रयोग करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर एक उत्तर मला हमखास मिळते : "गाडी फिटनेसला पास होते, मग अडचण काय?" तपासणीला गाडी रिकामी नेली जाते. जेथे यंत्रावर तपासणी होते तेथे चाके रोलरवर ठेवून प्रत्येक चाकाचा ब्रेक मोजतात, गाडी जागेवर उभी असते. वॉल्व्ह बांधलेल्या गाडीचा मागचा ब्रेक तेथे उलट जोरदारच दिसेल. ओल्या उतारावर ती गाडी कशी वागेल हे त्या रोलरला कळत नाही.

कायद्याची बाजूही माहीत असावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कारखानदाराने दिलेल्या रचनेहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले आणि अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली गेली. जादा मालासाठी कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. हे आकडे ऐकून आपण पोलीस, आर.टी.ओ. आणि हप्त्यांच्या गोष्टी सुरू करतो. त्या गोष्टी खोट्या नाहीत. पण हप्ता घेणाऱ्याला दांडीची तार दिसत नाही, आणि दिसली तरी तो ती सोडून देणार नाही. अपघातानंतर मात्र विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली पाहतो, आणि मोटार अपघात न्यायाधिकरणासमोर ड्रायव्हरबरोबर मालकालाही उभे राहावे लागते.

आपल्याला तर त्याहून मोठ्या अदालतीचा विचार आहे. चुकून झालेल्या हत्येसाठीही कुरआनने दियत आणि कफ्फारा सांगितला आहे. वैद्यकी न शिकता इलाज करणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नुकसानीचा जबाबदार ठरवले आहे. सोपवलेला माल बिघडवणाऱ्या कारागिराकडून भरपाई घ्यावी, असे मत हजरत अली (रजि.) यांच्याकडून सांगितले जाते आणि फिकहच्या ग्रंथांत त्यावर सविस्तर चर्चा आहे. मिस्त्री बंधूंनी याचा विचार करावा. "सेठने सांगितले म्हणून केले" हे उत्तर पुरेसे आहे काय? आणि सेठ लोकांनी त्याहून जास्त विचार करावा, कारण मिस्त्री स्वतःहून क्वचितच तार बांधतो. "नवा वॉल्व्ह नको, काहीतरी जुळव, संध्याकाळी माल निघायचा आहे," असे म्हणणारे आपणच असतो.

मी व्यापारी आहे, खर्चाचे भान मलाही आहे. कापडात नफा पैशांत मोजायचे दिवस आले आहेत, भाड्यात स्पर्धा आहे, आणि शेजारचा दीड टन भरत असताना आपण एक टनावर थांबलो तर गिऱ्हाईक त्याच्याकडे जाते. ही अडचण एकट्या मालकाने सुटणारी नाही. बाजारातील व्यापारी मंडळांनी भाडे फेरीवर न ठरवता वजनावर ठरवले, तर जादा भरण्याचे निम्मे कारण संपते. यंत्रमागवाल्यांनी मजुरीचे दर एकत्र बसून ठरवल्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत, मग भाड्याचे का होऊ नये?

गाडीचे म्हणाल तर पाटे मूळ संख्येवर आणा. वॉल्व्ह जाम झाला असेल तर नवा घाला, आणि तो बसवताना पुढच्या व मागच्या लाइनला दाबाचे मीटर लावून, एक्सलवर ठरलेला भार ठेवून, दांडीची जुळणी करणाऱ्याकडूनच बसवून घ्या. असा माणूस गावात नसेल तर नाशिकला गाडी पाठवावी, एक दिवसाचे भाडे बुडेल. मागच्या एक्सलचे ऑइल सील गळत असेल तर लायनरवर तेल उतरते आणि एक चाक लागते, दुसरे लागत नाही. ब्रेक कमी लागण्याचे हे फार सामान्य कारण आहे आणि अनेकदा तार बांधण्यापूर्वी एवढेच पाहिले असते तरी काम झाले असते. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी पूर्ण काढून बदला. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ गॅरेजमधल्या पोराच्या छातीत जाते. आणि मिस्त्रीकडून बिलावर एवढे लिहून घ्या की लोड वॉल्व्ह जोडलेला आहे, बांधलेला नाही. लिहून देण्यास तो कां-कूं करू लागला, तर तेथेच गाडीखाली वाकून पाहावे.